बोटभर जास्त

माझ्या सुनेला ‘बिनचूक’ हे नाव मी ठेवलं. दिलेलं नाव परत घेता आलं असतं तर सगळ्यांत आधी मी तेच घेतलं असतं.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला कापड कापायचं टेबल, मध्ये शिलाई मशिनींच्या दोन रांगा, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीखाली आम्हा म्हाताऱ्यांचं टेबल. शिवून आलेल्या कपड्याचे लोंबते धागे कापायचे आणि घडी घालायची, एवढंच आमचं काम. एकवीस वर्षं मी तिथे धागे कापतेय. शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे कात्रीपेक्षा मोठं हत्यार कधी हाती आलं नाही. आम्ही दवाखान्यांचे कपडे शिवतो. डॉक्टर, नर्सा, वॉर्डातली माणसं घालतात ते हिरवे-निळे सदरे, बिनबटणाचे, डोक्यातून घालायचे.

मशिनीवर बाया आणि कापायच्या टेबलावर पुरुष, असा तिथला नियम. कुणी लिहून लावलेला नव्हता, पण भिंतीवरच्या घड्याळासारखा सगळे तो पाळायचे. कापणारे मोठे मास्तर गुडघ्यांनी बेजार होऊन घरी बसले, तेव्हा मालकांनी दोन माणसं बघितली. एक घाईचा निघाला, दुसरा तोंडाळ. माझी सून तेव्हा सहा वर्षं मशिनीवर होती. जेवणाच्या सुट्टीत डबा झटपट संपवून ती मास्तरांच्या मागे जाऊन उभी राहायची, हात कसा वळतो ते बघायची. हे मला ठाऊक होतं. मी उठले आणि तडक मालकांच्या खोलीत गेले.

“टेबल माझ्या सुनेला द्या.”

“आजी, बाईमाणूस कापायला? ऐंशी थर कापणारी सुरी आहे ती. भाजी चिरायची नाही.”

“भाजी ती चिरतच नाही, ती मी चिरते,” मी म्हटलं. “ती मापात कापते फक्त. बिनचूक आहे पोरगी, बिनचूक! सहा वर्षांत तिचा एक सदरा उसवायला परत आलाय का, विचारा की.”

मालक हसले. दुसऱ्या आठवड्यात तिला टेबल मिळालं, आणि टेबलाबरोबर नावही चिकटलं. “ए बिनचूक, निळ्याचे थर झाले का?” “बिनचूकला विचार, तिला माहीत असेल.” पहिली दोन वर्षं ती त्या नावाखाली अशी ताठ चालायची की काय सांगू. मी खिडकीखालून बघायची आणि शेजारणीला कोपर मारायची, बघ, बघ.

कापणं कसं असतं ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कापडाचा तागा उलगडून टेबलावर एकावर एक ऐंशी थर अंथरायचे. कडेने चिमटे लावायचे. वरच्या थरावर पुठ्ठ्याचे फर्मे ठेवून खडूने रेघ मारायची, आणि मग विजेची उभी सुरी त्या रेघेवरून न्यायची. एका रेघेत ऐंशी पाठी, ऐंशी बाह्या, ऐंशी गळे. मशिनीवर चुकलं तर उसवता येतं. सुरी एकदा फिरली की फिरली. मशिनीवरच्या बाईची चूक एका सदऱ्याची, टेबलावरच्या बाईची ऐंशींची.

तिसऱ्या वर्षी ती चूक झाली. आणि ती तिची नव्हतीच. कापड गुळगुळीत होतं, थर अंथरणाऱ्या दोघांनी एका बाजूचे चिमटे लावले नाहीत, आणि सुरी फिरताना खालचे तीसेक थर हळूच सरकले. वर रेघ सरळ, खाली पाठी बोटभर आखूड. मालक आले, बघितलं, म्हणाले, “होतं असं. टाकून द्या.” अंथरणारे दोघं चहाला गेले. सून खाली बसली आणि त्या टाकायच्या तुकड्यांना टेप लावायला लागली. एकेक करत सगळ्या तुकड्यांना.

मी जवळ गेले. म्हटलं, “अगं, टाकायचेच आहेत. मोजतेस कशाला?”

“एखादा तरी बरोबर असेल, आई.”

एकही नव्हता. तिने टेप गुंडाळला, हात झटकले, आणि नवे थर अंथरायला घेतले. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर सुरू झालं ते कुलपापासून. आम्ही दोघी सकाळी बरोबरच निघायचो. गल्लीच्या टोकाला आलो की ती थांबायची. “कुलूप लावलं ना?” मी म्हणायची, लावलं. पुढे बसस्टॉपवर, “नक्की लावलं ना?” लावलं गं बाई. मग एक दिवस ती परत गेली, बघून आली. काही दिवसांनी दोनदा जायला लागली. कुलपाच्या मागून गॅस आला, गॅसच्या मागून इस्त्री. मग वस्तू संपल्या आणि माणसं आली. “काल मी मालकांना पटकन उत्तर दिलं, त्यांना राग नसेल ना आला?” “शेजारच्या काकू हसल्या नाहीत आज. मी काही बोलले का?” आमची नात दहा वर्षांची. तिला शाळेच्या फ्रॉकसाठी एकाच संध्याकाळी चार वेळा टेप लावला. चौथ्या वेळी पोरगी म्हणाली, “आई, मी जेवायच्या आधीपण एवढीच होते!” आम्ही हसलो. सूनही हसली, आणि टेप हातातच ठेवून बसली.

तिचे हात गार पडायचे. ऐन उन्हाळ्यात बर्फ. जेवताना एकच घास तोंडात घोळवत बसायची. दात इतके आवळून धरायची की कानाजवळची शीर उडताना मला दिसायची. कामावर दर अर्ध्या तासाला संडासात. एखादी गोष्ट सांगावी तर माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आणि सांगून झाल्यावर विचारायची, “काय म्हणालात?”

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. आणि मी काय काय समजले ते ऐका. आधी वाटलं, दुसरं मूल राहिलं असेल. मग वाटलं, पित्त झालंय. मग, खोटं कशाला लिहू, मला वाटलं, टेबल मिळालं म्हणून तोरा आलाय, आता सासूचं बोलणंही कानात शिरत नाही. एकदा मी तिला ऐकवलंही. “मी पण संसार केला. पण असं तोंड करून नाही बसले कधी.” ती म्हणाली, “चुकलं माझं, आई.” आणि त्या दिवशी तिने मला सात वेळा विचारलं, की माझा राग गेला ना.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. मध्येच बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हे त्याचं रोजचं. तो सांगतो, अडकलेल्या माणसाला खरं कधी सांगायचं नाही. आतून “किती वेळ?” म्हणून ओरडले की आपण “दोन मिनिटं” म्हणायचं. अर्धा तास लागणार असला तरी दोनच. माणूस शांत राहतो. हीच विद्या तो घरी वापरायचा. ती काहीही विचारो, हा बूट काढता काढता, “हो हो, बरोबर आहे. सगळं नीट आहे.” मीही तेच करायची. भांडी घासता घासता हो, नातीची वेणी घालता घालता हो. दिवसाला पन्नास वेळा तरी. आम्हाला वाटायचं आम्ही तिला सांभाळतोय.

एका दुपारी कारखान्याच्या जिन्यात ती खाली बसली. छातीवर हात, ओठ पांढरे, श्वास गळ्यापर्यंत येतोय आणि तिथेच अडतोय. “आई, मी मरतेय,” म्हणाली. दोघीतिघींनी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, पट्टी काढली, रक्त घेतलं. मी पलंगाजवळ उभी. इतक्यात डॉक्टर आले, अंगात हिरवा सदरा, आमच्याच कारखान्याचा, मी शिलाईवरून ओळखला. ते वाकून तिच्या छातीला नळी लावतायत आणि ही, जिला आपण मरतोय असं वाटत होतं, ती त्यांच्या मानेकडे बघतेय. हळूच मला म्हणते, “आई, याचा गळा नीट बसलाय ना?”

“सगळं नॉर्मल आहे,” डॉक्टर म्हणाले. “टेन्शन घेऊ नका.”

जशी काही ती रोज बाजारात जाऊन पावशेर टेन्शन घेऊन येत होती. पण कागद चांगला आला म्हणून मी खूश. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, काही नाही, काही नाहीये तिला. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “काही नाही, तर मग हे काय आहे?” मी चहा टाकला.

पुढचा महिना ती कामावर गेली. त्या महिन्यात तिने काय केलं ते कुणाला कळलं नाही. फर्मा ठेवायची, रेघ मारायची, आणि मग रेघेच्या बाहेरून बोटभर जागा सोडून सुरी न्यायची. आखूड पडू नये म्हणून. थोडं जास्त असलेलं बरं म्हणून.

आता इथे एक गोष्ट आहे, ती कपड्याचं काम करणाऱ्यालाच चटकन कळेल. पाठीला, बाहीला बोटभर जास्त ठेवलं तर सदरा ढगळ होतो, एवढंच. पण गळा म्हणजे भोक. भोकाच्या कडेला कापड जास्त ठेवलं की भोक लहान होतं. तिला हे माहीत नव्हतं का? मशिनीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला हे तीच शिकवायची. पण भीतीला एकच ठाऊक होतं: जास्त ठेव, आणखी थोडं जास्त ठेव.

बायांनी शिवलं. गळ्याची पट्टी उरतेय, उरतेय म्हणत उरलेली पट्टी कापून टाकली आणि पुढे ढकललं. तीनशे वीस सदरे तयार झाले. मालकांची एक सवय आहे. माल बाहेर पडायच्या आधी एक सदरा ते स्वतः अंगात घालून बघतात. त्या दिवशीही उचलला एक, हात वर केले, डोकं आत घातलं. आणि तिथेच राहिले. कपाळापर्यंत गेला सदरा, चष्म्याला अडकला, ना वर जाईना ना खाली येईना. दोन्ही हात बाह्यांत उभे, मधे हिरवा गोळा.

“अरे, कुणीतरी ओढा!” आतून आवाज.

“मालक, आत ओढू की बाहेर?” पहिल्या मशिनीवरची बाई म्हणाली. ती अशीच आहे, मयताच्या घरातही तोंड बंद ठेवायची नाही.

सगळा कारखाना हसला. मीसुद्धा इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दोघींनी खेचून मालकांना बाहेर काढलं, चष्म्याची एक दांडी वाकडी, कान लाल. तेही हसत होते. मग मी डोळे पुसून पलीकडे बघितलं. सून टेबलाची कड धरून उभी होती. एकटी तीच हसत नव्हती.

मालक तिच्याकडे गेले. फर्मा उचलला, सदऱ्यावर ठेवला. “बिनचूक, हे काय गं?”

“आखूड नाही ना झालं?” ती म्हणाली.

“आखूड? माझं डोकं नाही जात!”

“पण आखूड नाही ना?”

मालकांचं हसू तिथेच गेलं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा लांबून माझ्याकडे. मला वाटतं, तिचं भय कारखान्यात पहिल्यांदा त्यांना दिसलं. मला घरात दिसलं नव्हतं.

तीनशे वीस गळे उसवून, कापून, परत शिवायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत तिने सुरी हातात घेतली नाही. नवे थर अंथरून तयार होते. ती रेघ मारायची, पुसायची, टेप लावायची, परत मारायची. पाचव्या दिवशी वरचा थर खडूने पांढराफेक झाला होता आणि त्यात कुठली रेघ खरी ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना खोलीत बसवलं. “ताई, महिनाभर घरी राहा. हे छातीचं दुखणं नाही, दुसरं आहे. माझ्या भावाला झालं होतं. त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी या आणि दहा थर कापून दाखवा. ऐंशी नको, दहा. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर मला दुसरा मास्तर घ्यावा लागेल. माणूस बघून ठेवलाय मी.”

ती वेगळी डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी. मी आधी तिला बाहेर नंबर देणारी समजले. पण तिने जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. हात गार पडतात का? परत परत बघावंसं वाटतं का? बघितल्यावर किती वेळ बरं वाटतं? सून म्हणाली, “आधी तासभर वाटायचं. आता दार ओढून घेईपर्यंतसुद्धा नाही.” आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

डॉक्टरने सांगितलं, याला चिंतेचा आजार म्हणतात. हा खराखुरा आजार आहे, हट्ट नव्हे, तोरा नव्हे. (तोरा हा शब्द तिने कुठून काढला कोण जाणे, मी खाली बघितलं.) गोळ्या दिल्या, त्यांचा गुण यायला महिना-दीड महिना लागेल म्हणाली. श्वास घ्यायचा त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा, हे शिकवलं. मग माझ्याकडे आणि मुलाकडे वळली.

“ती विचारते तेव्हा तुम्ही काय करता?”

“हो म्हणतो,” मुलगा म्हणाला. “शांत करतो.”

“ते बंद करायचं.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“तुम्ही हो म्हणालात की भीती जरा वेळ बसते. मग परत भूक लागून येते. तुम्ही तिला भरवताय. आता विचारलं की एकदाच सांगायचं, ‘ऐकलं मी, पण उत्तर देणार नाही.’ आणि जवळ बसायचं. उठून जायचं नाही, रागवायचं नाही. भीती वर चढते आणि तिची ती उतरते, हे तिला स्वतःला दिसू द्यायचं.”

“आणि नाही उतरली तर?” मी विचारलं.

“उतरते, आजी. तुम्हाला गप्प बसायला जमलं तर.”

लिहायला सोपं आहे. समोर आपलं माणूस हात चोळत उभं आहे, डोळ्यांत सगळा जीव आणून विचारतंय, “आई, गॅस बंद केलाय ना?” आणि गॅस बंद आहे, मला दिसतोय, एका शब्दाचं काम आहे. आणि मी म्हणतेय, ऐकलं मी, पण उत्तर देणार नाही. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, “तुम्ही इतक्या दुष्ट नव्हतात, आई.” मी तिच्या शेजारी बसून राहिले. तिचा हात माझ्या हातात, गार, घामेजलेला. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. मग हात थोडा ऊब धरायला लागला. मी तोंडातून ब्र काढला नाही. मुलाचं मात्र दोनदा चुकलं. सवयीने “हो हो” निसटलं आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात.

तीन आठवडे असे काढले. प्रश्न पन्नासावरून पंधरा-वीसवर आले. ती जुन्या वर्तमानपत्रावर फर्मा ठेवून रेघ मारायची आणि साध्या कात्रीने गळे कापायची, टेप न लावता. एका सोमवारी तिने ओळीने सहा गळे कापले आणि एकदाही वर बघितलं नाही. नातीने तो कागद डोक्यातून घातला, गेला सरळ खाली. त्या दिवशी घरात सगळे पोटभर जेवले. डॉक्टर म्हणाली, “फार घाई नको. अजून महिनाभर तरी थांबा.” पण बुधवार थांबणार नव्हता.

त्या सकाळी ती कुलपापाशी फक्त एकदा थांबली. बसमध्ये ओठ न हलवता श्वास मोजत बसली होती.

कारखान्यात सगळ्यांना मालकांनी सांगून ठेवलं होतं, कुणी तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. त्यामुळे सगळे इतके न बघता बसले होते की आंधळ्यालाही कळलं असतं. मी माझ्या खिडकीखाली. तिने दहा थर अंथरले. चिमटे स्वतः लावले, चारही बाजूंनी. फर्मा ठेवला. रेघ मारली. एकच. पुसली नाही. माझ्या हातातली कात्री केव्हाची थांबली होती. तिने सुरी लावली, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. सुरी कापडाच्या कडेपर्यंत आणली.

आणि तिने वर बघितलं. मशिनींच्या दोन्ही रांगांच्या डोक्यांवरून, थेट माझ्याकडे.

“आई, बरोबर आहे ना?”

एकेक मशीन थांबत गेली. मालक दारात उभे. मला काय करायचं ते पाठ होतं. ऐकलं मी, पण उत्तर देणार नाही. तीन आठवडे तेच केलं होतं. पण घरी मी तिचा हात धरून बसलेली असायची. इथे मध्ये अख्खी खोली होती, आणि तिचे खांदे कानाला लागले होते, आणि सुरी नुसतीच घरघरत होती. मला वाटलं, एकच. हा एकच हो, म्हणजे ती सुरी पुढे ढकलेल. टेबल राहील. मग पुढे कधीच नाही.

“हो गं,” मी म्हटलं. “बरोबर आहे. काप.”

तिने बटण बंद केलं. घरघर थांबली.

“तुम्हाला तिथून दिसतंय?”

मला मोतीबिंदू आहे. माझ्या खिडकीतून माणसं हलताना कळतात, पण ते टेबल म्हणजे एक हिरवा डाग, त्यावरची रेघ कुठून दिसणार. माझ्या सुईत दोरासुद्धा तीच ओवून देते.

मी हातातली कात्री खाली ठेवली.

“तुम्हाला दिसत नाहीये,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट अगदी हळू. पण मशिनी बंद होत्या, सगळ्यांना ऐकू गेलं. “मग हो कशाला म्हणालात? म्हणजे कुलपाचं पण असंच? गॅसचं पण तुम्ही असंच म्हणत होता?”

पहिल्या मशिनीवरची बाई, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती खाली मान घालून बसली.

सुनेने सुरी मागे घेतली. तळहाताने रेघ पुसली, शांतपणे, फळा पुसावा तशी.

मालक दोन पावलं पुढे आले. “ताई, काही घाई नाही. मी पाच मिनिटं थांबतो.”

“पाच मिनिटांनी पण मीच असेन,” ती म्हणाली आणि खडू टेबलावर ठेवला.

नवा मास्तर सोमवारी आला. चांगला आहे कामाला. शीळ घालत कापतो.

सून आता माझ्या टेबलावर बसते, माझ्या डाव्या हाताला. मालकांनीच बसवलं, घरी नका बसू म्हणाले. डॉक्टरकडे महिन्यातून एकदा जातो. डॉक्टर मला रागावली नाही. म्हणाली, “होतं असं, आजी. पुन्हा सुरू करू.” ‘होतं असं’ हेच शब्द त्या आखूड पाठींच्या वेळी मालकांनी वापरले होते. गोळ्या चालू आहेत. थोडी झोप येते, थोडं जेवण जातं. प्रश्न कधी दहा, कधी तीस. मुलगा लिफ्टमधल्या माणसांना अजून दोन मिनिटं म्हणतो की नाही, मी विचारलं नाही. घरी तो आता फार बोलतच नाही. आणि माझ्या ‘हो’चा तर तिला आता उपयोगच राहिला नाही. मी खरं सांगितलं तरी ती तपासते. माझा शब्द मी खर्चून बसले.

कारखान्यात तिला कुणी बिनचूक म्हणत नाही. सगळे ‘ताई’ म्हणतात, आणि तेही आजाऱ्याच्या पलंगाजवळ बोलावं तसं. कधी कधी वाटतं, कुणीतरी जोरात ओरडावं, ए बिनचूक, निळ्याचे थर झाले का? पण कोण ओरडणार, आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार?

काल तिने एका सदऱ्याचे धागे कापले, घडी घातली, परत उलगडला. “आई, यात एखादा धागा राहिला नाही ना?”

“ऐकलं मी,” मी म्हटलं. “पण उत्तर देणार नाही.”

तिने सदरा मांडीवर ठेवला आणि माझं मनगट धरलं. हात गारच होता. आम्ही बसलो. पलीकडे नव्या मास्तरने बटण दाबलं, सुरीची घरघर सुरू झाली, आणि माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली. ती सुरी फिरत असते तोवर ती श्वास सोडत नाही. अलीकडे मीही सोडत नाही. ऐंशी थरांची एक रेघ कापायला किती वेळ लागतो, ते आम्हा दोघींना पाठ आहे.